नाव न घेता



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांकडे मी नववी-दहावीत मराठी शिकले. तेव्हा पाठ्यपुस्तकात चुकून एखादी प्रेमकविता आलीच, तर शिक्षक तिचा अर्थ भक्तीकडे वळवायचे, नाहीतर "ही तुम्ही घरी वाचा" म्हणून पान उलटायचे. सरांनी पान उलटलं नाही. पावसाळ्यातली दुपार होती. कौलांवर पाऊस इतका वाजत होता की मागच्या बाकांपर्यंत आवाज पोचेना. म्हणून सर टेबलामागून निघून वर्गाच्या मधोमध येऊन उभे राहिले, कविता दोनदा म्हणाले, पुस्तक मिटलं आणि खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिले. तास संपेपर्यंत वर्गात कुणी बोललं नाही. या गोष्टीला पन्नास वर्षं उलटून गेली. त्या कवितेवर परीक्षेत काय विचारलं होतं ते मला आठवत नाही. सरांच्या सदऱ्यावर, खांद्यापाशी, गळक्या कौलातून पडलेल्या पाण्याचा गोल डाग होता, तो मात्र अजून दिसतो.

आज मी प्रेमगीतांवर बोलणार आहे, ते त्या दुपारच्या भरवशावर.

एक गोष्ट आधी सांगते. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. नाटकात ऐकलं, सिनेमात ऐकलं, ओटीवर किंवा माजघरात कधीच नाही. आई वडिलांना 'अहो' म्हणायची आणि त्यांच्यामागे 'हे'. वडील तिला 'अगं' म्हणायचे. नवऱ्याचं नाव तिने घेतलं ते फक्त हळदीकुंकवाला नाहीतर डोहाळजेवणाला, बायकांनी आग्रह केल्यावर, आणि तेही उखाण्यात. उखाणा तरी तिचा स्वतःचा कुठे होता? तो आजीचा, आजीकडे तिच्या नणंदेकडून आलेला. नवऱ्याचं नाव ओठांवर आणायचं तर दुसऱ्या कुणीतरी जुळवलेल्या यमकात गुंडाळून आणायचं, अशी आपली रीत. आपल्या प्रेमगीतांचं मूळ मला या रीतीत सापडतं. मनातलं सगळ्यात नाजूक असेल ते आपण दुसऱ्याच्या शब्दांवर सोपवत आलो. याला कुणी भित्रेपणा म्हणेल. मी म्हणत नाही. का, ते आईवडिलांची गोष्ट सांगताना कळेल.

मराठी भावगीताचा आरंभ ज्या ध्वनिमुद्रिकेपासून मानतात तिची गंमत बघा. ना. घ. देशपांडे हे विदर्भातल्या मेहकरचे कवी, पेशाने वकील. त्यांची 'शीळ' ही कविता ग. ना. जोशींनी चाल लावून गायली. जोशीही वकिलीच शिकलेले. १९३२ च्या सुमारास तिची ध्वनिमुद्रिका निघाली आणि घरोघर वाजू लागली. कवितेत बोलते कोण? रानात प्रियकराची शीळ ऐकून कासावीस झालेली खेड्यातली मुलगी. लिहिणारा वकील, गाणारा वकिलीच शिकलेला, आणि मनातलं बोलते आहे ती जिला कदाचित सही करायलाही येत नसेल अशी पोर. त्या मुलीचं मन त्या दोघांनी उसनं घेतलं, आणि ऐकणाऱ्या हजारो मुलींनी त्या दोघांचे शब्द. पुढे गजाननराव वाटव्यांनी गणपतीच्या मांडवांतून कविता गायल्या. तेव्हाही हेच झालं. कविता कुणाची, चाल कुणाची, आणि गर्दीत मागे उभी असलेली कुणी मुलगी ती आपलीच समजून घरी घेऊन जायची.

हे काही ग्रामोफोनने सुरू केलेलं नाही. सातवाहनांच्या काळातली हालाची गाथासप्तशती काढून बघा. तिच्या कितीतरी गाथा कुणी स्त्री आपल्या सखीला सांगते आहे अशा आहेत. मनातलं ज्याला सांगायचं तो तिथे नसतोच. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने गोविंदप्रभूंच्या लग्नाचा सोहळा मांडला गेला तेव्हा 'धवळे' रचले. मराठीतली ती आद्य कवयित्री. तिचा विषय कृष्ण-रुक्मिणीचं लग्न, आणि त्या लग्नाचं सगळं प्रकरण उभं आहे ते रुक्मिणीने ब्राह्मणाच्या हाती धाडलेल्या पत्रावर. तिथेही मध्ये कुणीतरी आहेच.

हा धवळा शब्द नुसता पुस्तकात राहिलेला नाही. पनवेल-उरणच्या आगरी लग्नांत तो अजून ऐकू येतो. तिथे लग्नाचे विधी करताना धवलारीण धवले म्हणते. शाळेत शिकवत असताना माझ्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "बाई, आमचे आयीला धवले येतात." आयी म्हणजे तिची आजी. मी म्हटलं, घेऊन ये. एका शनिवारी म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू. व्हरांड्यात बसली, पाणी प्यायली, आणि म्हणेना. मला वाटलं लाजते आहे. ती म्हणाली, "लगीन नाय, नवरी नाय, आन धवला कोनाचा म्हनू?" शेवटी मुलींनी स्वयंपाकघरातून पाट आणला, आपल्यातल्याच एकीला त्यावर बसवलं, तिच्या डोक्यावर ओढणी घातली. पोरी खिदळत होत्या. म्हातारीने त्या मुलीच्या हनुवटीला हात लावून तिचं तोंड वर केलं आणि सूर लावला, तसं हसू कुठल्या कुठे गेलं. दोन कडव्यांनंतर पाटावरची मुलगी खरीच रडत होती. तिचं लग्न नव्हतं, कुणी मुलगा नव्हता. पण त्या गाण्याला एक नवरी लागते आणि त्या वेळी ती होती. म्हातारी निघताना तिच्या हातावर सव्वा रुपया ठेवून गेली.

मी जन्मले ते १९५८ साली. तेव्हाचं पनवेल म्हणजे बैलगाड्यांची चाकं, भाताच्या गिरण्या, तळी, आणि वारा फिरला की धूतपापेश्वरच्या कारखान्याकडून येणारा काढ्यांचा वास. वडील मुंबईत एका कापडगिरणीच्या ऑफिसात कारकून. आठवडाभर गिरगावात मावसभावाच्या खोलीवर राहायचे आणि शनिवारी एसटीने घरी यायचे. वाशीचा खाडीपूल झाला १९७३ साली. त्याआधी गाडी ठाणे, मुंब्रा असा वळसा घालून यायची. वडील घरात शिरायचे ते सदऱ्याच्या कॉलरवर रस्त्याची धूळ घेऊन, आणि रविवार संध्याकाळ झाली की पुन्हा पिशवी भरायची. मुलांची आजारपणं, फी, दुरुस्त्या, उधारी या सगळ्या बोलण्यात त्यांचा दीड दिवस संपायचा. प्रेमाचं बोलायला दीड दिवसात जागा नव्हती.

जागा होती ती रेडिओत. मर्फीचा रेडिओ, त्यावर आईने विणलेला रुमाल, आणि बाजूच्या कोनाड्यात लायसन्सचं पुस्तक. ते दरवर्षी पोस्टात जाऊन नवं करून आणावं लागे. आकाशवाणी मुंबईवर 'भावसरगम' लागायचं, 'आपली आवड' लागायचं. याच काळात 'शुक्रतारा' आलं आणि एखादा नवा पदार्थ गावात यावा तसं ते घराघरांत शिरलं. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, श्रीनिवास खळे बडोद्याचे, अरुण दाते इंदूरचे, सुधा मल्होत्रा तर जन्माने दिल्लीच्या. चौघे चार दिशांचे, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं हे आपल्याच अंगणात चाललंय. वडिलांना अरुण दात्यांचं फार अप्रूप. दाते कापडधंद्यातले इंजिनिअर होते, हे कळल्यावर वडील म्हणाले होते, "गिरणीतला माणूस आहे. खडखडाटात दिवस काढल्याशिवाय असा हळू आवाज येत नाही." गाण्याबद्दल त्यांनी मोठ्याने काढलेलं तेवढंच मत मला आठवतं.

इथून तासाभरावरच्या पेणला जन्मलेल्या यशवंत देवांचं नाव या ठिकाणी घ्यायलाच हवं. त्यांनी दात्यांकडून आणि इतर कितीतरी गायकांकडून जी गाणी गाऊन घेतली, त्यांमागचा विचार त्यांनी पुस्तकात मांडला आणि त्याला नाव दिलं 'शब्दप्रधान गायकी'. थोडक्यात, सूर शब्दाच्या अर्थासाठी राबला पाहिजे. संगीताच्या जाणकारांना हा गायनाचा विचार वाटेल. मला त्यात आमचं घर दिसतं. ज्यांना स्वतःचे शब्द काढता येत नाहीत, त्यांच्या वतीने गायक बोलत असेल तर त्याचा शब्द अस्पष्ट राहून कसा चालेल? गिरगावातून पाठवलेला निरोप पनवेलला पोचेपर्यंत त्याचं एक अक्षर पुसलं जाता कामा नये.

आणि निरोप खरोखरच आला. साल १९६७ असावं. आई सूप घेऊन तांदूळ निवडत होती. 'आपली आवड' चालू होतं. निवेदिका पुढच्या गाण्यासाठी पत्रं पाठवणाऱ्यांची नावं वाचत होती. कुणी साताऱ्याचं, कुणी मालवणचं, आणि मग, पनवेलहून... आमच्या तिघा भावंडांची नावं, ओळीने, थोरल्यापासून. शेवटी, "आणि त्यांची आई". आम्ही तिघं ओरडलो. आई ओरडली नाही. तिच्या दोन बोटांत एक खडा होता. गाणं संपेपर्यंत, म्हणजे साडेतीन मिनिटं, तो खडा तिने धरून ठेवला. मग अंगणात टाकला आणि म्हणाली, "या खेपेच्या तांदळात खडे फार निघालेत."

आम्ही पत्र पाठवलेलं नव्हतं. शनिवारी वडील आले. दादाने विचारलं तर म्हणाले, "पाठवलं असेल कुणीतरी." त्या रात्री, सणवार काही नसताना, आईने घावन आणि नारळाचा रस केला होता. वडिलांनी ताटाकडे बघून विचारलं, "आज काय विशेष?" आई म्हणाली, "काही नाही. नारळ तडकला होता, म्हटलं वाया जाईल."

मित्रहो, प्रेमगीतांवर मी बरंच वाचलं आहे. या दोन वाक्यांइतकं मला त्यातलं काही समजलेलं नाही.

आता थोडं वेगळं. १९७७ साली 'जैत रे जैत' आला. मी एकोणीस वर्षांची. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा सिनेमा, ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. पण आम्हा पनवेलच्या मुलींना त्यात पहिल्यांदा काय दिसलं असेल तर आमचा कर्नाळा. तो सुळका आम्ही रोज बघत होतो, सहलीला जात होतो, वर मधमाश्यांची मोहळं आहेत म्हणून मास्तर आम्हाला आरडाओरडा करू देत नसत. त्या सुळक्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या ठाकरांची एवढी मोठी प्रेमकहाणी होऊ शकते, हे आमच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मंगळवारी बाजारात रानभाज्या घेऊन बसणाऱ्या ठाकरणी आम्ही बघायचो, भाव करायचो आणि पुढे जायचो.

स्मिता पाटीलची चिंधी आधीच्या नवऱ्याला सोडून आलेली. नायक नाग्यावर तिचा जीव, आणि ते ती लपवत नाही. राणीमाशीने नाग्याचा डोळा घेतलेला; मोहळं उतरवल्याशिवाय त्याला चैन नाही, आणि त्याच्या हट्टात चिंधी स्वतःला झोकून देते. शेवटी माश्यांनीच तिचा जीव जातो. सिनेमा सुटल्यावर आम्ही चौघी मैत्रिणी वडाळे तळ्यापर्यंत न बोलता चालत आलो. मग एक जण म्हणाली, "असं सरळ सांगता येतं?" त्या प्रश्नात धास्ती होती आणि हेवाही होता. आमच्या वाड्यात जे उखाण्यात गुंडाळून येत होतं, ते तिथे पाच-सहा मैलांवर उघड्या रानात मोठ्याने म्हटलं जात होतं, निदान पडद्यावर तरी. मी नंतर खूप विचार केला. चिंधीचेही शब्द महानोरांचेच होते, पळासखेड्याच्या शेतकरी कवीचे. गळा लताबाईंचा आणि आशाबाईंचा. तिच्यासाठीही कुणीतरी बोललंच. पण त्या रात्री आम्हाला ते जाणवलं नाही. त्या गाण्यांतलं आशाबाईंनी गायलेलं पावसाळी गाणं मी आजही एकटी असताना पूर्ण ऐकू शकत नाही. मला तळ्याच्या काठावरच्या त्या चौघी दिसतात. त्यांतल्या दोघी आता नाहीत.

शांताबाई शेळक्यांचं सुधीर फडक्यांनी गायलेलं 'तोच चंद्रमा' पुष्कळांच्या आवडीचं आहे. त्याच्या मागे एक संस्कृत श्लोक आहे, शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावावर सांगितला जाणारा. तोच प्रियकर, त्याच चैत्रातल्या रात्री, तोच फुलांचा वारा, तरी मन रेवातीरावरच्या जुन्या भेटींकडे ओढ घेतं, असं त्यात एक स्त्री म्हणते. शांताबाईंनी ते पुरुषाच्या तोंडी घातलं. हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईचं मन, आमच्या काळातल्या एका बाईच्या हातून, एका पुरुषाच्या आवाजात. सगळं तेच आहे आणि तरी काहीतरी नाही, ही गोष्ट तरुणपणी ऐकताना मला नुसती सुंदर वाटायची. ती खरी असते हे मला आईवडिलांकडे बघून कळलं.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. वडिलांची गिरणी त्यानंतर नीट चाललीच नाही. एक ट्रंक आणि वळकटी घेऊन ते कायमचे घरी आले. सत्तावीस वर्षं शनिवारी येणारा माणूस आता सोमवारीही घरात. आईला त्याची सवय नव्हती आणि त्यांनाही नव्हती. ते ओटीवर बसायचे, ती आत असायची. मी लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहत होते. संध्याकाळी गेले की दोघं दोन खोल्यांत दिसायची, आणि मध्ये घड्याळ. ज्या दोघांनी आयुष्यभर रविवार संध्याकाळ टाळता येईल का याचा विचार केला असेल, त्यांना सगळा आठवडा मिळाला तेव्हा काय करावं ते सुचेना.

दोनेक वर्षांनी वडिलांनी टेपरेकॉर्डर आणला. मग एका पाकिटाच्या मागे गाण्यांची यादी केली आणि बाजारातल्या एका दुकानातून कॅसेट भरून आणली. तेव्हा तशी सोय होती. यादी आणि कोरी कॅसेट दिली की चार दिवसांनी गाणी भरून मिळायची. साठ मिनिटांची कॅसेट, तीस-तीसच्या दोन बाजू. वडिलांनी दुसऱ्या बाजूला एक गाणं जास्त लिहिलं होतं आणि दुकानदाराने हिशेब न करता भरत नेलं. त्यामुळे शेवटचं गाणं अर्ध्यावर तुटलं. शेवटच्या अंतऱ्याची पहिली ओळ व्हायची आणि खट् करून बटण वर यायचं.

ते गाणं 'आपली आवड'मधलंच होतं. पत्र कुणी पाठवलं होतं ते आम्हाला सतरा वर्षांनी असं कळलं. कोणतं गाणं ते मी आज सांगणार नाही. व्याख्यानाला येण्याआधी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "त्याचं नाव घेऊ नकोस."

दादा म्हणाला, दुकानदाराकडून दुसरी भरून घेऊ. वडील म्हणाले, राहू दे. रोज संध्याकाळी दिवे लागले की ते कॅसेट लावायचे. शेवटचं गाणं यायचं, खट् व्हायचं, आणि मग एक गोष्ट व्हायची. ते उठायचे, झाकण उघडून कॅसेट काढायचे, उलटी करायचे, आणि हे करता करता राहिलेला अंतरा स्वतः म्हणायचे. म्हणायचे म्हणजे काय, नाकातल्या नाकात. सुरात होतं असंही नाही. त्या माणसाने जन्मात आरतीसुद्धा मोठ्याने म्हटली नव्हती. पण त्या वेळी स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबलेला असायचा. मी एकदा आत डोकावले. आई ओट्याशी उभी होती, हातात झारा, आणि कढईतलं थालीपीठ एका बाजूने काळं पडत होतं.

वडील १९९९ मध्ये गेले. कॅसेट नंतरही बरीच वर्षं वाजत होती. टेप गुंतायची, आम्ही पेन्सिल घालून गुंडाळायचो. खट् झालं की आई तशीच बसून राहायची, त्या अंतऱ्याला लागेल तेवढा वेळ, आणि मग म्हणायची, "हं, उलटव." मग टेपरेकॉर्डरच बंद पडला.

आता ती एकोणनव्वद वर्षांची आहे. ऐकू कमी येतं. मागच्या दिवाळीत माझ्या नातवाने फोनवर ते गाणं शोधून तिच्या कानाशी धरलं. तिने डोळे मिटले. अंतरे गेले, शेवटच्याची पहिली ओळ झाली, आणि खट् झालं नाही. गाणं पुढे चालू राहिलं, मूळ आवाजात, सगळं स्वच्छ. तिने डोळे उघडले आणि फोन हाताने दूर सारला.

"बंद कर," ती म्हणाली. "इथून पुढचं ह्यांचं आहे."

पोराने घाबरून बंद केलं. आता त्याला ती जागा नेमकी माहीत झाली आहे. आला की पणजीला गाणं लावून देतो, त्या ओळीपाशी बोट ठेवून थांबवतो, आणि तिने मान हलवेपर्यंत तिच्या शेजारी गप्प बसून राहतो.